पाणी बदलताना बोलायचं नाही

कोल्हापूर, ता. १४ जानेवारी १९१२

शमशुद्दीनमियाँ यांस ख्वाजा अत्ताराचा सलाम.

माझं अक्षर ओळखलंत तर तुम्ही पाकीट न फोडताच कपाटात टाकाल, हे मला माहीत होतं. म्हणून पत्ता शेजारच्या सयाजी शिंप्याकडून लिहून घेतला. त्याचं अक्षर असं वेडंवाकडं आहे की तुम्हाला वाटलं असेल, शाळेतल्या कुणा पोराच्या बापानं फी माफ करायला लिहिलंय. आता फोडलंच आहे, तर वाचा.

परवा गडहिंग्लजचे बाळासो मिरचीवाले दुकानात येऊन बसले. धारवाडला माल घालून आले होते. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, "तुमचं जावई तितं साळंत गणित शिकिवत्यात की ओ."

मी म्हटलं, "गणित? अहो, ते रसायनवाले. मुंबईच्या प्रयोगशाळेत होते."

"मी बी त्येच इचारलं. तर म्हनलं, माझा हात खोटा हाय, बाटलीला लावायचा न्हाय. आता असा चांगला धडधाकट हात, आन् म्हनं खोटा! मला काय उमगलं न्हाय बगा."

बाळासोंना उमगलं नाही. मला उमगलं. हातात तराजू होता, तो तसाच धरून उभा राहिलो. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "अत्तार, ओवा घालताय का नुसतं झुलवताय?"

तीन वर्षं होत आली. माझ्या शहाजादीचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही रशिदाला खांद्यावर टाकून स्टेशनाकडे निघालात. उंबऱ्यात थांबून म्हणालात, "मामू, तिला तापानं नाही मारलं. माझ्या कागदानं मारलं." दिवसभर बडबडणारा मी, गिऱ्हाइकाला अर्धा शेर जास्त बोलून देणारा, त्या वेळी गप्प बसलो.

तुमचा कागद अजून माझ्या गल्ल्यात आहे. मलबारी सुपारीच्या पिठाची तुम्ही परीक्षा केलीत, सशांना एकवीस दिवस चारून पाहिलंत आणि लिहून दिलंत, की अपाय आढळला नाही, पचायला हलकं आहे, आजारातून उठलेल्यास पोषक दिसतं. मी तो कागद छापून डब्यांवर चिकटवला. मग आपली पोर मुंबईचा ताप काढून बळ धरायला माहेरी आली, त्याच नावाचं पीठ खाल्लं, आणि दहाव्या दिवशी गेली. तेव्हापासून तुम्हाला वाटतंय, की त्या पिठात विष होतं आणि ते तुमच्या परीक्षेतून निसटलं.

शमशुद्दीनमियाँ, तुमचा हात खोटा नाही. हे मी कशावरून म्हणतो ते विचारू नका.

मागणं एकच आहे. या ईदीला रशिदाला घेऊन या. ती आता पाच वर्षांची झाली असेल. तिची आजी सुगरा रोज दुपारी शहाजादीची जुनी ओढणी काढते, उन्हात घालते, परत घडी करून ठेवते. मी बघतो आणि दुकानात जातो.

ख्वाजा


कोल्हापूर, ता. २५ फेब्रुवारी १९१२

शमशुद्दीनमियाँ यांस,

तुमच्या चार ओळी पोचल्या. सलाम नाही, खुशाली नाही, रशिदाचं नाव नाही. नुसते दोन प्रश्न. पण प्रश्न विचारलेत, म्हणजे तुमच्यातला रसायनवाला अजून जिवंत आहे. मला तेवढं पुष्कळ.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात माझी थोडी बढाई आहे. हे पीठ करायला मी कुठं शिकलो?

मियाँ, माझा बाप कुरुंदवाडच्या बाजारात पोतं अंथरून सुंठ-पिंपळी विकायचा. मी अकरा वर्षांचा असताना गेला. मला ना गुरू मिळाला ना हकीम. मिळाले ते दोन कान. वैद्याच्या ओसरीवर पाणी भरायचं काम धरलं, आणि ते आत रोग्याला काय सांगतात ते घागर डोक्यावर घेऊन ऐकलं. म्हातारी सुईण वाटेनं जाता जाता दुसरीशी बोलायची, मी मागनं चालायचो. कोल्हापुरात जे दुकान उभं आहे ते सगळं ऐकून उभं आहे. विचारलं कुणालाच नाही. विचारलं की माणूस किंमत सांगतं, नाहीतर खोटं सांगतं. आपसात बोलताना मात्र खरं बोलतं. हा माझा धंद्याचा कायदा.

मलबारी सुपारीचंही तसंच. सुपारी ती नुसती नावाला. आजऱ्याच्या पलीकडे घाटात ती झाडं आहेत. लांबून खजुरीसारखी दिसतात, पण खजूर नव्हे. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. वर्षाला बोटभर वाढत असतील नसतील. त्या सगळ्या जंगलात मोठी अशी तीसेक झाडं मी पाहिली असतील. तिथं बायडाबाई नावाची एक बाई राहते. नवरा गेलेला, चार म्हशी, आणि जीभ अशी की म्हशीसुद्धा ऐकून रांगेत चालतात. पावसाळ्यात अन्न संपलं की तिच्या घराण्यात त्या झाडाच्या बिया फोडून पीठ करतात. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला तेच देतात. तिच्या हातची एक टोपली मी विकत आणली आणि त्यातलं थोडं तुमच्याकडे मुंबईला पाठवलं. तुमची परीक्षा झाली ती त्या टोपलीची.

पीठ कसं करतात ते तिला विचारलं नाही. तिच्या गोठ्यामागं बसून ऐकलं. ती काम करताना स्वतःशी मोठ्यानं बोलते. "आता फोडायच्या. आता चकत्या करायच्या, नखावानी पातळ. आता उन्हात, तीन दिस. आता फडक्यात बांधून पान्यात." सगळं कानात साठवलं. पाण्यात घातल्यावर मात्र बाई गप्प झाली. दोन दिवस कान लावून बसलो, नुसता पाण्याचा आवाज. मला वाटलं, भिजतंय, यात काय सांगायचं असणार? पुढचं वाळवणं, कुटणं कोणालाही येतं. निघून आलो.

आता तुमचा पहिला प्रश्न. शहाजादीनं खाल्लं ते पीठ त्याच टोपलीतलं होतं का? होय. त्याच टोपलीतलं.

रशिदाचं लिहा. तिला गूळ आवडतो का?

ख्वाजा


कोल्हापूर, ता. २१ मार्च १९१२

शमशुद्दीनमियाँ यांस,

मी घाटात जाऊन आलो. सुगराला सांगितलं, हिरडा बघायला जातो. या वयात बैलगाडीतून त्या वाटेनं जाणं म्हणजे स्वतःलाच खलबत्त्यात घालून कुटण्यासारखं आहे. पण गेलो.

बायडाबाई तशीच आहे. केस पिकले, आवाज नाही पिकला. मला बघून म्हणाली, "या पावणं. चार वर्सांनी वाट सापडली व्हय? का गोठ्यामागं बसायला आलासा?"

मी खरोखर खाली बसलो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हशी आंधळ्या न्हाईत की. तुजा पांढरा फेटा गोठ्याच्या भोकातनं दिसत हुता. म्हनून तर मी येवडं मोट्यानं बोलत हुते. एरवी मी काय येडी हाय, सवताशीच 'आता फोडायच्या, आता चिरायच्या' म्हनायला? म्हनलं, अत्ताराला शिकायचंय पर इचारायची लाज वाटतीया. ऐकू दे बापड्याला."

मियाँ, चाळीस वर्षं मी ज्याला माझी हुशारी म्हणत आलो, ती एका बाईनं मला घातलेली भीक होती.

मी विचारलं, "मग पाण्याचं का नाही बोललात?"

"पाणी बदलताना बोलायचं न्हाय. आमची रीत हाय."

"का?"

"पान्याला सांगायचं नसतंय, तू काय घिऊन चाललाईस म्हनून. कळलं तर ठिऊन जातंय." हसली आणि म्हणाली, "माजी सासू असंच सांगायची. खरं काय ते पान्याला ठावं. पर कामात ध्यान ऱ्हातंय. बोलत बसलं की दिस चुकत्यात."

मग मला ओढ्यावर घेऊन गेली. वाहत्या पाण्यात, दोन दगडांमध्ये, फडक्यात बांधलेल्या चकत्या. रोज सकाळी येऊन गाठोडं सोडायचं, चकत्या वरच्या खाली करायच्या, परत बांधायचं. सात दिवस. आणि सातव्या दिवशीही तसंच उचलायचं नाही. ओढ्यात बोटभर मासे असतात. पहिले पाच-सहा दिवस ते त्या फडक्यापासून लांबून जातात. मासे येऊन फडक्याला तोंड लावायला लागले, की समजायचं झालं. नाही आले तर आठवा दिवस, नववा दिवस. हे सगळं ती एकही शब्द न बोलता करते. माझ्यासमोर केलं तेव्हाही बोलली नाही. बोट दाखवलं फक्त. एक मासा आला, हुंगला आणि वळून गेला. तिनं गाठोडं परत बांधलं.

घरी परतताना बोलली, "कान लावून बसलातास तवा डोळं लावायचं हुतं की. न्हायतर सरळ इचारायचं. मला वाटलं हुतं, पान्याचं कळलं न्हाय म्हनून तरी इचारायला येशील. वाट बगितली म्या. पर ज्येनं चोरलंय त्यो कशाला इचारतुय?" नंतर माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "का रं अत्तारा, कुनाला बाधलं का?"

मी म्हटलं, "नाही."

तिनं पुढं विचारलं नाही. जेवायला वाढलं.

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट खोटी लिहिली आहे. कोणती ते आज लिहवत नाही. तुम्ही हुशार आहात.

ख्वाजा


कोल्हापूर, ता. ९ एप्रिल १९१२

शमशुद्दीनमियाँ यांस,

सोबत पार्सल आहे. त्यात दोन पुरचुंड्या. दोन्हींत मलबारी सुपारीचं पीठ. एकीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीच्या दोऱ्याला दोन गाठी. वरून दोन्ही सारखीच दिसतात; मी स्वतः बघितलं, रंगात फरक नाही, वासात नाही. कोणती कुठली ते मी लिहिलेलं नाही, कारण मला तुमच्या हाताची परीक्षा घ्यायची आहे. रागवा. पण घ्यायची आहे.

शाळेला सुटी लागली की मुंबईला तुमच्या जुन्या साहेबांकडे जा. ते नाही म्हणणार नाहीत. तुम्ही आलात एवढ्यानंच खूश होतील. पूर्वी केलीत तशीच परीक्षा करा. तेवढेच ससे, तेवढेच दिवस. तुमच्या हाताला दोन पुरचुंड्यांतला फरक कळला, तर तुमचा हात खरा. नाही कळला, तर बाळासोंना सांगितलंत ते बरोबर, आणि मी पुन्हा काही लिहिणार नाही.

आणखी एक पाकीट आहे, लाखेनं बंद केलेलं. ते परीक्षा झाल्याशिवाय फोडू नका. तुम्ही आधी फोडलंत तर मला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. मला माझ्या जावयाची तेवढी पारख आहे.

यातली कुठलीही पुरचुंडी चाटायचीसुद्धा नाही. रशिदाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पार्सल घरात आणलंच पाहिजे असं नाही.

ख्वाजा


(लाख लावलेल्या पाकिटातलं)

कोल्हापूर, ता. ९ एप्रिल १९१२

शमशुद्दीनमियाँ,

एका गाठीचं पीठ बायडाबाईच्या हातचं, या मार्चातलं. मी तिच्या दारात बसून घेतलं. या वेळी मागून घेतलं.

दोन गाठींचं माझ्या हातचं. शहाजादीनं खाल्लं त्या डब्यातलं. तो डबा मी टाकला नाही. तीन वर्षं कुलपात ठेवला. का ठेवला ते मला सांगता येणार नाही. टाकला असता तर सुटलो असतो असं कधी कधी वाटायचं, आणि म्हणूनच टाकला नाही, असंही असेल.

आता सगळं सरळ लिहितो.

तुमचा कागद डब्यांवर लागला आणि बायडाबाईची टोपली दीड महिन्यात संपली. मी परत घाटात गेलो नाही. कशाला जायचं? कृती कानात होती. बिया मागवल्या आणि दुकानाच्या मागच्या अंगणात रांजणात भिजत घातल्या. दोन दिवस. ऐकले होते दोनच. पाणी बदललं नाही, कारण पाणी बदलल्याचा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. वाळवल्या, कुटल्या, त्याच डब्यांत भरल्या. त्याच डब्यांवर तुमचा कागद होता. तो कागद खरा होता, शमशुद्दीन. अक्षर न् अक्षर खरा होता. तो बायडाबाईच्या पिठाचा होता. माझ्या पिठाचा कधीच नव्हता.

माझ्या पिठाचा पहिला डबा मी फोडला तोच शहाजादीसाठी. दुकानात विकायच्या आधी घरात, कारण घरच्याला ताजं द्यायचं. सुगरा दुधात शिजवून चमच्यानं भरवायची. तुम्ही मुंबईत होता.

दुसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. सुगरा म्हणाली, तापानं पोट नाजूक झालंय. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून आत आलो, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, हे पीठ कडू लागतं. मुंबईला ह्यांनी आणलं होतं ते कडू नव्हतं."

मियाँ, तुम्ही परीक्षेतलं उरलेलं मूठभर पीठ घरी नेलं असणार, आणि ते तिनं चाखलं असणार. म्हणजे त्या घरात दोन्ही पिठं खाल्लेलं एकच माणूस होतं, आणि तिनं दोन पिठांतला फरक मला बिछान्यावरून सांगितला. तुमच्या सशांना सांगता येत नाही. तिला येत होतं. आणि हे कान, ज्यांनी गावभरचं ऐकून दुकान बांधलं, त्यांनी ते स्पष्ट ऐकलं. कसं ऐकलं, कोणत्या आवाजात, सगळं आठवतं. तिनं 'कडू' म्हणताना तोंड लहानपणी करायची तसं केलं होतं.

मी म्हटलं, "औषध कडूच असतं. तुझ्या नवऱ्याचा कागद आहे त्याच्यावर. गप घे."

तिनं घेतलं. तुमचं नाव सांगितलं म्हणून घेतलं.

सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले तेव्हा मी पीठ बंद केलं. डॉक्टर आले, विचारलं, काय खायला देता? मी म्हटलं, दूध, पेज. पीठ सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाचली असती का, हे मला माहीत नाही. तुम्हाला कदाचित माहीत असेल. असेल तरी मला लिहू नका. नाही, लिहा.

तिला पुरलं त्या आठवड्यात मी बाकीचे सगळे डबे नदीपलीकडे खड्डा करून गाडले. एकही विकला गेला नव्हता. हे एवढं एक खरं आहे, त्याचा मला काही आधार वाटत नाही.

तुम्ही उंबऱ्यात म्हणालात, माझ्या कागदानं मारलं. मला एक वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तर तुम्ही माझ्यावर थुंकून गेला असता, पण आपल्या हाताला खोटा म्हणत गेला नसता. मी तोंड उघडलं नाही. तुमच्या मनातला गुन्हेगार मी तुम्हालाच राहू दिलं, आणि मी दुकानाचं दार उघडलं.

आता तुमचा हात काय म्हणाला ते तुम्हाला कळलंच असेल.

ख्वाजा


कोल्हापूर, ता. २ ऑक्टोबर १९१२

शमशुद्दीनमियाँ यांस ख्वाजा अत्ताराचा सलाम.

ईद होऊन तीन आठवडे होत आले. तुमचं पाकीट ईदीच्या आदल्या दिवशी पोचलं होतं. आज उत्तर लिहितोय, कारण मधले दिवस मी घाटात होतो.

तुम्ही प्रयोगशाळेत परत रुजू झालात हे वाचलं आणि दुकानात एकटाच मोठ्यानं म्हणालो, "बाटली धरली पोरानं." सयाजी सुई तोंडात धरून डोकावला. "काय झालं ओ अत्तार?" मी म्हटलं, "काही नाही. जावयाला नोकरी लागली." तो म्हणाला, "मग पेढं कुटं हाईत?" पेढे आणून दिले. त्यानं खाल्ले. मी नाही खाल्ला.

बाकीचं पत्र मी सावकाश वाचलं. तुम्ही मला माफ केलं असं कुठं लिहिलं नाहीत. शोधलं मी. मग शोधणं बंद केलं. रशिदाला कोल्हापूरला पाठवणार नाही, तुम्ही मुंबईला येऊ नका, हेही वाचलं. ठीक आहे. त्यावर मी वाद घालणार नाही. पण एक काम तुम्ही न सांगता मी केलं होतं, त्याचा खुलासा करतो, कारण त्यातूनच सुगरा तुमच्याकडे आली.

लाखेच्या पाकिटात जे लिहिलं होतं त्याची एक प्रत मी ठेवली होती. जुलैत तुमचा निकाल आला, त्याच दिवशी दुपारी मी सुगराला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. माझं वाचून होईपर्यंत निवडत राहिली. शेवटी सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "चमचा माझ्या हातात होता. तीन वर्षं मी ह्या हाताकडं बघत होते. आणि तुम्ही माझ्याकडं बघत होता."

एवढंच. आवाज चढवला नाही. चार दिवसांनी म्हणाली, "शमशुद्दीन मुंबईत दिवसभर प्रयोगात गुंतणार, पोरीला कोण बघणार?" मी म्हटलं, "जा." स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडी हलली तेव्हा ती समोर बघत होती. ती ओढणी तिच्याबरोबर आहे. आता रोज दुपारी उन्हात कोण घालतं, मुंबईत ऊन येतं का तुमच्या खोलीत, मला माहीत नाही. तिची काळजी घ्या असं लिहायचा मला हक्क नाही. तिला सकाळी गुडघे दुखतात, एवढं फक्त कळवतो.

घाटात कशाला गेलो ते सांगतो. बायडाबाईला मी मार्चात 'नाही' म्हटलं होतं. ते जाऊन खोडलं. ती म्हणाली, "कितवं पाणी चुकलं?" मी म्हटलं, "सगळी." ती उठली, ओढ्याकडे चालू लागली, आणि मागं वळून म्हणाली, "चल. मासं येत न्हाईत तवर बसायचं. तोंड मिटून."

नऊ दिवस लागले. पावसाचं पाणी होतं, ओढा गढूळ, मासे उशिरा आले. रोज सकाळी गाठोडं सोडायचं, चकत्या फिरवायच्या, बांधायचं. नऊ दिवस मी कुणाचं काही ऐकलं नाही. पहिल्यांदा हातानं काही शिकलो. नवव्या दिवशी चार-पाच मासे एकदम आले आणि फडक्याला तोंड लावून राहिले. बायडाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी रडत होतो. पण रीत रीत आहे, आवाज केला नाही.

हे पीठ मी विकणार नाही. झाडांकडेही आता जायचं नाही असं ठरवलंय. नराच्या झाडांची कणसं 'मदनमस्त' म्हणून, पुरुषांच्या ताकदीच्या औषधाला, मीच वर्षानुवर्षं उतरवून घेतली. बायडाबाई सांगते, की आता मादीच्या झाडांना बिया धरतात पण उगवत नाहीत. हे तुमच्या कागदात घालता आलं तर घाला. मी सांगितलं म्हणून घाला.

आता तुमच्या कागदाविषयी. छापायला देण्यापूर्वीची प्रत तुम्ही मला पाठवलीत. राग असूनही पाठवलीत. मी ती तीन वेळा वाचली, सयाजीकडून अवघड शब्द विचारून घेतले. त्यालाही कळले नाहीत, पण विचारायची सवय लावून घेतोय. पाण्यात नीट धुतलेलं पीठ अशक्त सशांना मानवलं, वजन वाढलं. गुण असल्याची खूण आहे, पण एवढ्यावरून औषध म्हणता येत नाही, आणखी परीक्षा हव्यात, असं लिहिलंत. न धुतलेलं विषारी. बरोबर आहे. एका शब्दानं जास्त नाही, एका शब्दानं कमी नाही. हात खरा आहे तुमचा.

दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिल्या नमुन्यापुढं 'घाटातील एका बाईकडून' असं आहे. तिथं बायडाबाईचं नाव घाला. तिला विचारून लिहितोय. म्हणाली, "घाल की. माज्या सासूचं बी घाल." सासूचं नाव आक्का. तेवढंच सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या नमुन्यापुढं तुम्ही 'कोल्हापुरातील एका दुकानातून' असं लिहिलंत. माझी अब्रू झाकलीत. झाकू नका. ख्वाजा वल्द हुसेन अत्तार, असं पुरं नाव घाला.

त्या नमुन्याच्या निकालात लिहिलंय, की चार सशांना दिलं, चारही मेले. तो आकडा तसाच ठेवा. प्रयोगशाळेच्या कागदात घरचं आणायचं नसतं, हे मला समजतं. माझ्याजवळच्या प्रतीवर मात्र मी पेन्सिलीनं दोन्ही चारांचे पाच केले आहेत.

ख्वाजा